गाढवाला पारावर आणू नको

बारा वर्षं दर सोमवारी सकाळी आम्ही इंटरनेटवर एक कॉमिक टाकत होतो. आम्ही म्हणजे माझा थोरला भाऊ आणि मी. गोष्ट दादाची, चित्रं माझी. व्हिडिओ गेमची टर उडवायची आणि सगळी पात्रं जनावरं ठेवायची, एवढंच ठरलेलं. आईला विचारलं तर ती सांगायची, "पोरगी शाळेत चित्रं शिकवती आन घरी मेंढरं काढती." मी सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते.

आमचं गाव विट्याजवळ. तिथल्या घराघरातला एक तरी माणूस लांबच्या कुठल्या तरी शहरात सोनं गाळायला बसलेला असतो. त्या कामाला आमच्याकडे गलाई म्हणतात. दादा सोळाव्या वर्षी तमिळनाडूत गेला. सकाळी भट्टी, आणि दुपारी काम नसलं की मोबाइलवर गेम. संध्याकाळी मला फोन करून त्या गेमवर तणतण करायचा. एकदा म्हणाला, "अगं, ह्यो हिरो कुणाच्याबी घरात घुसतोय, माठ फोडतोय, आत सापडंल ते खिशात घालतोय, आन घरची माणसं त्याला म्हणत्यात, या वीरा, जग वाचवा. आपल्याकडं आसा कोण घुसला तर?"

दुसऱ्या दिवशी मी ते काढलं. तलवार घेतलेला एक मेंढा म्हशीच्या घरात शिरून माठ फोडतो आणि म्हैस दारामागचं दांडकं घेऊन येते: "माठ तुज्या बाचा हाय व्हय रं?" दादानं ते आजूबाजूच्या दुकानांत दाखवलं. ती सगळी आपलीच, आटपाडी-विट्याकडची माणसं. भट्ट्या सोडून हसायला जमली म्हणे. मग पुढच्या आठवड्यात दुसरं मागायला लागली, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

दादा लिहून कधी द्यायचा नाही. आठवीत शाळा सुटलेली, त्याला आपल्या लिहिण्याची लाज वाटायची. शुक्रवारी तो बोललेला मेसेज पाठवायचा, मागं भट्टीचा घुमारा आणि कुणाचं तरी तमिळ. शनिवार-रविवार मी काढायची. काढून झालेलं तो आधी बघायचा नाही, सोमवारी सगळ्यांबरोबरच बघायचा. मी पाठवते म्हणाले की चिडायचा. "आचाऱ्याच्या मागं उभं ऱ्हाऊन कुणी जेवतं व्हय?"

मेंढा वीर होता. म्हैस शेवटच्या लेव्हलची राक्षसीण, पण तिला रवंथ सोडून लढायला उठायचा कंटाळा. आणि एक गाढव होतं. गेममध्ये भर जंगलात, ज्वालामुखीच्या तोंडाशी, कुठंही एक दुकानदार उभा असतो ना, तसं आमचं गाढव पाठीवर दुकान घेऊन हिंडायचं आणि लाल बाटल्या विकायचं. लाल बाटली प्यायली की अंगात बाण घुसलेला असला तरी माणूस टुणकन उभा. गाढव म्हणजे दादा, हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही. आईनं मात्र एकदाच वाचून घेतलं आणि म्हणाली, "हे गाढाव बोलायला आपल्या थोरल्यावानी हाय."

एक नियम होता. गेममध्ये मेलेलं पुन्हा उठतं, म्हणून आमच्याकडे मेलेलं जनावर पुढच्या चौकटीत गावच्या पारावर धपकन पडायचं, धूळ झटकायचं आणि म्हणायचं, "चला, परत." बारा वर्षांत मेंढा किती वेळा मेला असेल देव जाणे. वाचणाऱ्यांना त्या पाराचीच सवय होती.

मागच्या दिवाळीला दादा आला तो खोकतच, आणि परत गेला नाही. मिरजेला तपासण्या झाल्या. फुफ्फुसं गेली होती. भट्टीच्या धुरानं, तंबाखूनं की नुसत्या नशिबानं, डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि विचारून तरी मी काय करणार होते? सांगलीतलं माझं घर मिरजेला जवळ म्हणून दादा आणि वहिनी माझ्याकडेच राहिले. एक दिवस डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, काही आठवडे, फार तर दोन महिने. पेशंटला सांगायचं का ते तुम्ही घरचे ठरवा.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसून आईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला सांगू नको. आन सूनबाईला तर आजाबात नको. तिच्या तोंडावर सगळं दिसतंय." मी बरं म्हणाले. आमच्याकडे असंच करतात. मिरजेत मी रोज बघायची, लोक बाहेर नळाशी रडायचे, त्याच नळावर तोंड धुवायचे आणि हसत आत जायचे. मीही त्यातलीच झाले. "आज तोंडावर तेज आलंय बघ," म्हणायची दादाला. स्वतःचाच इतका संताप यायचा की त्या दिवसांत शाळेत पोरांना विनाकारण धपाटे बसले.

मग एका शुक्रवारी त्याचा मेसेज आला. तो माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत पडून होता, आणि मी स्वयंपाकघरात. तरी त्यानं बोलून पाठवला, बारा वर्षांच्या सवयीनं. "ह्या सोमवारी गाढाव मरतंय. लय नाटक नको. बसल्या जागी मरतंय." मग खोकला, कितीतरी वेळ. मग, "आन पारावर आणू नको. खरं मरू दे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच त्याच्या खोलीत गेले. म्हटलं, "हे काय अभद्र सुचतंय तुला?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काड म्हटलं ना? काड."

काढलं. तीन चौकटी सरळ झाल्या. चौथीत गाढव आडवं. तिथं हात थांबायला हवा होता माझा. पण जित्या माणसाचं मरण काढायचं म्हणजे काय? मला धीर झाला नाही. आणि खरं सांगू, मला वाटलं मी त्याच्यावर उपकार करतेय, त्याला उमेद देतेय. मी पाचवी चौकट काढली. गाढव पारावर धपकन पडलं. धूळ झटकली. "चला, परत." सोमवारी टाकून दिलं. हैदराबादवरून, कोलकात्यावरून, कुठून कुठून लोकांचे हसरे चेहरे यायला लागले. एकानं लिहिलं, गाढव मरतंय व्हय गड्या, लय चिवट हाय ते. माझा जीव भांड्यात पडला.

दादानं मोबाइल बघितला आणि पालथा ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चहासुद्धा वहिनीच्या हातूनच घ्यायचा. बुधवारी वहिनी औषधं आणायला गेली तेव्हा त्यानं मला हाक मारली.

"तुला वाटलं मी चेष्टा करतोय?"

"तुला काही होत नाही दादा. डॉक्टर म्हणाले की..."

"गप. डॉक्टर काय म्हणालं ते तुज्या थोबाडावर लिवलंय. आन आई म्हैना झालं माज्याशी फोनवर फकस्त पावसापाण्याचं बोलती." त्याला दम लागला. मी पाणी पुढं केलं, त्यानं हात हलवून नको म्हटलं. "मला तिला सांगायचं हुतं गं. तुज्या वयनीला. चार येळा तोंड उघडलं आन चारी येळा तिला पाणीच मागितलं. लगीन हून अठरा वरसं झाली. त्यात बरुबर ऱ्हायलो किती? दिवाळीचं पंधरा दिस आन जत्रंचं आठ. तेवढ्यात धड बोलायचंबी जमलं न्हाई कवा. पर सोमवारी ती वाचती. गाढाव काय म्हणतंय ते दोन-दोनदा वाचती, मला कळायचं फोनवरच्या बोलण्यातनं. म्हणून म्हटलं, गाढवालाच सांगू दे. तर तू त्येला उचलून पारावर बसवलंस."

मी नुसतं "चुकले" म्हणाले आणि रडायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला रडताना गप्प केलं नाही. माझं आवरेपर्यंत थांबला, आणि मग म्हणाला, "आण वही."

त्या आठवड्यात मेसेज नव्हता. तो उशीला टेकून सांगत गेला आणि मी त्याच्यासमोर बसून काढत गेले. मेंढ्याला कळतं गाढव आजारी आहे. तो साठवलेल्या सगळ्या लाल बाटल्या आणून गाढवापुढं मांडतो. म्हणतो, पी. गाढव म्हणतं, "ह्या बाटल्या मीच इकल्यात रं. आत रंगाचं पानी हाय." मेंढा म्हणतो, "मग आमी बरं कसं हुत हुतो?" गाढव म्हणतं, "तुमी बरं हुणारच हुता." मग ते पाठीवरचं दुकान उतरवून खाली ठेवतं. म्हणतं, "बस जरा माज्याजवळ." शेवटच्या चौकटीत मेंढा बसलाय, गाढवाचे डोळे मिटलेत. खाली काही नाही.

बारा वर्षांत पहिल्यांदाच दादानं चित्र आधी बघितलं. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "कान खाली घे. मेल्यावर कान उभं ऱ्हात न्हाईत." मी खोडून कान खाली घेतले. मग म्हणाला, "आता बरुबर."

सोमवारी वहिनी भाकरी करत होती. तव्यावर भाकरी टाकून तिनं पदराला हात पुसला आणि मोबाइल घेतला. मी चहा गाळायला म्हणून शेजारी उभी होते, पण गाळणी नुसती हातात धरलेली. तिनं वाचलं. परत वरून वाचलं. भाकरी करपायला लागली तेव्हा मी हात घालून गॅस बंद केला. ती माझ्याकडे न बघताच खोलीत गेली. दार उघडंच राहिलं.

"आवं," ती म्हणाली, "मला पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय."

आतून कॉट करकरली.

"मिरजंला फाईल घिऊन कोण हिंडतंय? मीच की. त्यातलं आजाराचं नाव मोबाइलात घालून वाचलं मी. तुमाला कळू नये म्हणून गप हुते."

मी ओट्याला धरून उभी राहिले. काय म्हणावं आमच्या अकलेला! ज्या बाईच्या काखेत रोज ती फाईल असायची तिच्यापासून आम्ही मायलेकी गुपित राखत होतो. सुनेनं पिशवी धरायची, फाईल धरायची, रांगेत नंबर लावायचा. ती फाईल उघडून वाचेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. वहिनी बारावी झालेली आहे. आणि मी म्हणे शिक्षिका.

मग दादा रडला. त्याला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मी नळ सोडून भांडी घासायला घेतली, स्वच्छ भांडी.

त्याच दुपारी दोघांनी ठरवलं, आता मिरज पुरे, गावी जायचं. आईनंही मग सोंग सोडलं. ती त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची आणि उघड रडायची, आणि तो तिला रागवायचा. अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. दिवसभर दादा आणि वहिनी तिथं बोलत असायची. मी शनिवारी गेले तर मला बघून दोघं थांबली, नवीन लग्न झालेल्यांसारखी. मी आपली आत निघून गेले.

घरी आल्यावर नऊ दिवसांनी तो गेला.

तेरावा झाल्यावर मी आणि वहिनी पडवीत ज्वारी निवडत बसलो होतो. आई आत पडली होती. वहिनी आपणहूनच बोलायला लागली.

"वन्सं, लय बोलले वो मला नऊ दिवसांत. तिकडची भाषा कशी शिकले, पयल्या वर्षी रोज कसे रडायचे, सगळं. येवढा बोलणारा मानूस हुता, मला म्हाईतच न्हवतं."

मी मान हलवली.

"मी आदल्या सोमवारीच बोलणार हुते त्यांच्याशी," ती म्हणाली. "ठरवून उठले हुते. म्हटलं, आज चहा दिऊन सांगायचंच, मला समदं म्हाईत हाय, आता लपवालपवी नको. आन मोबाइल बघितला तर गाढाव मेलं आन परत पारावर येऊन बसलं. म्हटलं, न्हाई, ह्यास्नी अजून जगायची आशा हाय. आपण कशाला मोडायची? म्हणून आठ दिस तशीच गप ऱ्हायले." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्यांच्याच मनातलं असणार की ते. गोष्ट तर त्यांचीच असायची न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले. नऊ दिवस मिळालेल्या बाईचे आठ दिवस मी घेतले होते, आणि ती चौकट माझी होती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.