किडनीच्या खर्चात लिहिलेला गडी

मुलांनो, नोकरीत बऱ्याच फायली हाताखालून गेल्या, पण या एका चौकशीची आठवण निघाली की अजून मन भरून येते. नावे मात्र सांगणार नाही.

मी बारामती भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होते. टपालात एक निनावी अर्ज आला, सोबत एका यादीची झेरॉक्स. माळेगावकडच्या एका शिक्षकाने किडनी बदलून घेतल्यावर प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून उपचाराचा खर्च लिहून करसल्लागाराकडे दिला होता. त्यात एक ओळ होती: 'किडनी देणाऱ्या बहिणीकडे, तीन महिने, रोख.' अर्जदाराचे म्हणणे, किडनी विकत घेतली. तसे निघाले असते तर भाऊ-बहीण दोघेही तुरुंगात गेले असते.

शिक्षकाला बोलावले. मास्क लावून, औषधांची पिशवी घेऊन आला.

"हे पैसे कशाचे?"

"म्हशींचे, मॅडम. ताईला वाकायची बंदी होती. धार काढायला गडी ठेवला, त्याचा पगार."

"तो किडनीच्या खर्चात?"

"किडनी दिली नसती तर गडी लागला असता का?"

म्हशीच्या धारेवर करसवलत मागणारा पहिलाच माणूस मी पाहत होते. दात्याचा बुडालेला रोजगार भरून द्यायला कायद्याची हरकत नाही; पण गडी खरोखर होता, याला पुरावा हवा. त्याचे नाव शिक्षकाला ठाऊक नव्हते.

"ताईच्या घरी जाऊ नका," तो म्हणाला. "दाजींची संमती हाय, पण सासूला मुतखड्याचं ऑपरेशन सांगितलंय. कळलं तर तिला नांदवायच्या न्हाईत."

जावे तर लागणारच होते. साध्या साडीत, खाजगी गाडीने, एक महिला शिपाई घेऊन काटेवाडीला गेले. आम्हाला पाहून बहिणीच्या हातातली वैरण खाली पडली. सासूबाईंनी गोठ्यातच खाट पुढे केली.

"पोलीस न्हवं तुमी? ही तुमच्यासंगची पोरगी बस म्हनलं तरी बसंना. म्हंजी तुमी सायेब."

मी गड्याचे नाव विचारले. सासूबाईंनी ते लगेच सांगितले.

"निमगाव केतकीचा हाय. पगार मीच देत हुते."

"पैसे कशाचे, माहीत होते?"

"किडनीचे न्हवते, एवढं ठाव हाय. किडनी सून फुकट देऊन आली."

"आत्या, तुमाला कुणी सांगितलं?" बहीण पुढे आली.

"खड्याला तीन म्हैनं घागर उचलू नगं म्हनत्यात व्हय? माझा भाऊ खडा काढल्यावर चवथ्या दिशी उसाला पानी देत हुता. आन् तवाच तुज्या भावाला किडनी बसली. तू सांगितलं न्हाईस, मी इचारलं न्हाय. गडी ठिव म्हनून पोराच्या मागं कोन लागलं हुतं?"

गड्याचा जबाब जुळला. गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही, असा अहवाल मी वरिष्ठांना पाठवला. शिक्षकाने गड्याची ओळ काढून टाकली. रुग्णालयाची बिले आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून फक्त नियमात बसणारी सवलत मागितली.

माणूस लपवतो तो गुन्हाच, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. त्या गोठ्यात एकीने उपकार लपवला होता आणि दुसरीने तो लपू दिला होता. अशी माणसे माझ्या वाट्याला आली, याबद्दल मी त्या नोकरीची ऋणी आहे.

सासूबाईंचा जबाब वाचून दाखवला, तेव्हा अंगठा उमटवण्याआधी त्यांनी माझा हात धरला.

"सायेब, 'ऑपरेशन झालं' एवढंच लिवू नगा. 'सुनेनं दिली' असं लिवा."

तसेच लिहिले.