खवाट्याखालची गाठ

गाठ इंदुबाईंना दिसली नव्हतीच, ती दिसली लेकीला. खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये इंदुबाई बारा वर्षं पोळ्या लाटत होत्या. त्या रविवारी विश्रांतवाडीच्या घरात त्या फळीवरचा डबा काढायला गेल्या. हात पुढे ताणला, तसा पाठीवर उजव्या खवाट्याच्या टोकाखालून मोठ्या लिंबाएवढा उंचवटा वर आला. हात खाली येताच तो दडला.

"आई, हे कधीपासून?" चैतालीनं विचारलं.

"खांदा कटकट वाजतो, त्याला वर्ष झालं. गाठीचं मला नाही माहीत."

त्या दिवसापासून इंदुबाईंचं अन्न तुटलं. त्यांची थोरली बहीण मुक्ताई छातीतली गाठ लपवून, फार उशिरा दवाखान्यात जाऊन वर्ध्याला वारली होती. 'सुई लागली की ते पसरतं' हे तिचंच वाक्य आता इंदुबाईंच्या तोंडी आलं. दवाखान्याचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. तीन आठवड्यांत निम्म्या झाल्या. एका दुपारी ठेवणीतल्या साड्या त्यांनी शेजारच्या विमलाबाईंना देऊन टाकल्या.

विमलाबाईंनी संध्याकाळी चैतालीला गाठलं. "तुझी आई आवराआवर करतेय. बघ बाई."

चैतालीनं रजा टाकली आणि आईला जवळजवळ ओढतच सर्जनबाईंकडे नेलं. त्यांनी इंदुबाईंना हात छातीवरून दुसऱ्या खांद्यावर ठेवायला लावला. गाठ बाहेर आली.

"खोल आहे, पाच सेंटिमीटरहून मोठी आहे. अशी गाठ तपासल्याशिवाय सोडायची नसते. एमआरआय करू."

रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूलाही आहे, लहान."

"म्हणजे पसरलं." इंदुबाईंनी लेकीचा हात सोडून दिला.

"नाही मावशी. ही गाठ पन्नाशीनंतर होते, बायकांत जास्त, पुष्कळदा दोन्हीकडे. चरबीचे आणि तंतूंचे थर आहेत. हा कॅन्सर नाही, पुढे होतही नाही. चित्र इतकं स्पष्ट आहे की सुई घालायचीही गरज नाही. फार त्रास झाला तरच काढू."

"माझ्या बहिणीलाही डॉक्टर शेवटपर्यंत बरी होशील म्हणत होते."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि एकेक थर बोटानं दाखवला. इंदुबाई पाहत राहिल्या आणि मग पदरात तोंड खुपसून रडल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. गाठ तेवढीच होती. कँटीनमध्ये त्या आता भाजी निवडायला बसतात. भीती मात्र पुरती गेलेली नाही. अंघोळ करताना त्यांचा हात अजून मागे जातो, पोचेल तिथवर चाचपत.