वरच्या खोलीतलं पाणी

लामू बेटावरच्या आमच्या गल्लीत बी शुमीच्या दारासमोर माझा दगडी ओटा आहे. तिथे बसून मी टोप्यांवर भरतकाम करतो. तिच्या घरात कोण गेलं, कोण बाहेर आलं, हे त्यामुळे इतरांपेक्षा मला जास्त ठाऊक. एका माणसाबद्दल मात्र मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

तिचा नवरा अथमान माझा मित्र होता. मासेमारीला गेला आणि त्याची होडी खाडीच्या तोंडाशी उलटी सापडली. तो सापडलाच नाही. काझीने खूप वाट पाहिली आणि शेवटी बी शुमीला सांगितलं, आता एदाला बस. एदा म्हणजे विधवेने घरात बसून काढायचे दिवस. बी शुमी वरच्या खोलीत बसली. जेवण वर, नमाजाआधी हातपाय धुण्याची वुजू वर, नमाज वर. ज्या बाईचं हसणं मासळीबाजारापर्यंत ऐकू जायचं, ती भिंतीकडे तोंड करून चटया विणायला लागली.

खाली नाहोधाने मात्र एदा मानली नाही. नाहोधा म्हणजे नाखवा. अथमानचा बोका, एक कान फाटलेला. अथमान संध्याकाळी घरी आला की हा उंबऱ्याशी शेपटी उभारून तयार. त्याच्या नडग्यांना अंग घाशीत घरातल्या चौकापर्यंत जायचा, आणि अथमानने वुजूसाठी पाय धुतले की त्या ओल्या पावलांवरचं पाणी चाटायचा. अथमान म्हणायचा, "समुद्राचं मीठ माझ्या अंगावरून फक्त हा काढू शकतो."

अथमान गेल्यावरही दिवस मावळताना, मगरिबच्या नमाजाआधी बोका उंबऱ्याशी यायचा. शेपटी उभी. मग हवेत नडगीच्या उंचीवर अंग घाशीत हळूहळू चौकापर्यंत जायचा, सोबत कोणी चालत असल्यासारखा. मी समोरून पाहायचो आणि सुईत दोरा ओवायला लागायचो.

कोपऱ्यावर पुऱ्या तळणारी रिझिकी जिभेला हाड नसलेली. एदा संपल्यावर ती भर गल्लीत म्हणाली, "बी, ज्याच्या नावाने एदा काढलीस तो तर रोज घरी येतोय! काझीला म्हणावं, दिवस परत दे."

कोणी हसलं नाही. बी शुमी तेवढी हसली. मग मला हळूच म्हणाली, "मला दिसत नाही, भावजी. पण नाहोधाला दिसतं ना? घरात एकाला दिसलं की झालं."

तेव्हापासून संध्याकाळी ती दार उघडं ठेवू लागली.

यंदाच्या कोरड्या दिवसांत तिच्याकडे पिली नावाची दुसरी मांजर व्याली. पिल्लांच्या जंतांचं औषध आणायला बी शुमी जेटीपलीकडच्या मांजरांच्या आसऱ्यात गेली आणि येताना टोपलीत एक पांढरी मांजरी घेऊन आली. डोळे चिकटलेले, नाक भरलेलं, श्वासाला घरघर.

"हे काय आणलंस?" रिझिकी ओरडली. "औषध आणायला गेलीस आणि आजार घेऊन आलीस?"

"तिला शेवटच्या पिंजऱ्यात एकटीला ठेवलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसली होती," बी शुमी म्हणाली. तेवढंच.

आसऱ्यातला दाक्तर स्वालेह मागोमाग आला. तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेला पोरगा, पण त्या दिवशी त्याने तिला शाळेत उभं करावं तसं उभं केलं. "बी, हा मांजरांचा सर्दीताप आहे. लाळेतून पसरतो. तरणं मांजर निभावतं. पिल्लं आणि तुमचा म्हातारा बोका नाही निभावणार. वेगळी खोली, वेगळी ताटली. आत जाताना वेगळं कापड. बाहेर येताना कोपरापर्यंत साबण. जमेल?"

"एदा काढलेल्या बाईला विचारतोस?"

पांढरी त्याच वरच्या खोलीत राहिली. तिचं नावच एदा पडलं. अर्थात रिझिकीने पाडलं. दाराच्या खिळ्यावर बी शुमीने एक जुना कांगा, बायका अंगाभोवती घेतात ते कापड, अडकवला. आत जाताना तो गुंडाळायची, बाहेर येताना काढायची. उरलेलं अन्न चुलीत घालायची. साबण इतका वापरला की हातांची सालटी निघाली. एदाचे डोळे उघडले. ती उकडलेल्या माशाचा रस्सा प्यायला लागली.

"आणखी थोडे दिवस," स्वालेह म्हणाला. "छान केलंत, बी."

आणि मग नाहोधा शिंकला.

मी तेव्हा ओट्यावरच होतो. बोका उंबऱ्यावर बसला होता, शेपटी उभी करत होता आणि ती वाकडी होऊन पडत होती. तरी हवेला अंग घाशीत आत गेला. मध्ये दोनदा बसला.

स्वालेहने त्याचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर फोड आले होते. "बी, तुम्ही वर जाता तेव्हा काय काय करता, सगळं सांगा. काही सोडू नका."

"कांगा गुंडाळते. ताटली ठेवते. डोळे पुसते. कापूस चुलीत टाकते. मग साबणाने हात धुते."

"मग?"

"मग दिवस कलून असरच्या नमाजाची वेळ झालेली असते. तिथेच वुजू करते. तोंड, हात, पाय."

"पाणी कुठलं?"

"तिच्या पसरट भांड्यातलं. ती पिऊन बरंच उरतं. गोडं पाणी गाढवावरून येतंय, ओतून कसं देऊ?" तिने त्याच्याकडे पाहिलं. "मांजराच्या उष्ट्या पाण्याने वुजू होते. तुझ्याच आजीने मदरशात शिकवलंय मला."

स्वालेहने मान डोलावली. मीही. ते तर आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. कुत्र्याने तोंड लावलं तर भांडं घासायचं. मांजर घरातली, तिचं उष्टं चालतं. लामूत कोणीही हेच केलं असतं.

"मग खाली येता," स्वालेह हळूच म्हणाला.

"मग खाली येते," ती म्हणाली आणि तिने आपल्या पावलांकडे पाहिलं. "पाय ओले असतात. आणि हा चाटतो."

स्वालेहने चौकातल्या पिलीच्या पिल्लांकडे पाहिलं.

"पाणी शुद्धच होतं, बी. तुमच्या नमाजा झाल्या," स्वालेह म्हणाला. "पण आजाराला ते कुठून कळणार? आता यालाही वर न्या. पिल्लांना वाचवायचं असेल तर हा खाली येता कामा नये. एकदाही नाही."

"संध्याकाळीसुद्धा नाही?"

स्वालेहला त्या दाराची गोष्ट माहीत होती. गावात कोणाला नव्हती? तो खाली बघत म्हणाला, "संध्याकाळीसुद्धा नाही."

ती संध्याकाळ मी विसरत नाही. दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी कोणी नव्हतं. बी शुमी आतून आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, परत आत गेली, परत आली. शेवटी मला म्हणाली, "भावजी, त्यांना घ्यायला कोणी नाही आज. उंबऱ्यावरून परत गेले तर?"

मी म्हणालो, "मी बसलोय ना इथे."

"तुम्हाला दिसतात?"

"नाही."

"मग काय उपयोग तुमचा," ती म्हणाली. रागाने नव्हे.

आत पिल्लं पिलीच्या पोटाशी लुचत होती. एकदा तिने जिन्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आणतेय बोक्याला खाली. तेवढंच तर करायचं होतं. दारापासून चौकापर्यंत उचलून, छातीशी धरून. तिने जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि काढून घेतला. मग दाराकडे तोंड करून, आपण घरच्या माणसाला सांगतो तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

"अहो, वर जा. तो वर आहे. त्याला बरं नाही. इथे चौकात थांबू नका, पिल्लं आहेत."

आणि ती बाजूला सरली. वाट द्यायला सरावं तशी.

बांग झाली. मी मशिदीत गेलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी जरा घाईनेच गेलो.

नाहोधा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. बी शुमी म्हणाली की आदल्या संध्याकाळी ती वर पोचली तेव्हा तो दाराकडे तोंड करून बसला होता आणि त्याची शेपटी सरळ उभी होती. नंतर त्याने मान ठेवली ती उचलली नाही. आम्ही त्याला खारफुटीच्या कडेला वाळूत पुरलं. रिझिकीसुद्धा आली होती आणि तिने हाताने वाळू लोटली.

पिलीची पिल्लं जगली. सगळीच. स्वालेहने त्यांना सुया टोचल्या आणि म्हणाला, आता एदाला खाली सोडायला हरकत नाही. बी शुमीने वरचं दार उघडलं. एदा आली नाही. टोपलीत घालून आणली तर तिच्या पायांतून वर पळाली. दिवसभर त्या खोलीतच असते.

खालचं दार आता संध्याकाळी बंद असतं. मी विचारलं तर बी शुमी म्हणाली, "आत आहेत ते. बाहेरून कशाला यायचे?"

गेल्या आठवड्यात तिने माझ्यासाठी विणलेली नवी चटई मला वरून आणायला सांगितली. तिचे गुडघे दुखतात. मी वर गेलो तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. खोलीत मधोमध एदा उभी होती, शेपटी सरळ. मान खाली घालून ती फरशी चाटत होती. एकाच जागी, मग पावलाएवढ्या अंतरावर दुसऱ्या जागी. मी चटई उचलायच्या निमित्ताने खाली वाकून हात लावला. डोळ्यांना चुकेल, पण हाताला कळतं. फरशी कोरडी होती.

या मांजरीने अथमानला कधी पाहिलेलं नाही.

मागून बी शुमी कठड्याला धरत, कण्हत वर आली. तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. मांजरीचं पसरट भांडं तिने पायाने कोपऱ्यात सारलं आणि तांब्या खोलीच्या मधोमध, मांजरीच्या पुढ्यात नव्हे, जरा पलीकडे, माणसाच्या हाताला येईल असा ठेवला.

"हे वेगळं आहे हं," ती म्हणाली. "आत्ताच भरलंय. तिने तोंड लावलेलं नाही."

मी "बरं" म्हणणार होतो. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. मी चटई घेऊन खाली आलो.