आंब्याची टेबलं

लालबागला आमच्या चाळीमागे एक जुना आंबा होता. वादळात तो आडवा झाला, तशा आम्ही बायका जळणासाठी कोयते घेऊन धावलो. आमचे हे गिरणीच्या सुतारखात्यात होते. ते जाऊन खोडावरच बसले. म्हणाले, "फांद्या न्या. खोड मला द्या. ह्याची टेबलं होतील."

"इथं पाय पसरायला जागा नाही. टेबल काय डोक्यावर ठेवू?" मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

दर सुट्टीला चाळीतले दोघं-तिघं हाताशी घेऊन ह्यांनी करवतीने फळ्या पाडल्या. सावलीत सुकवल्या. वरून रंधा मारायचा, कडेची साल तशीच ठेवायची, खाली जाड फांद्यांचे पाय. पॉलिश नाही की काही नाही. शेजारीण म्हणाली, "टेबल कसलं, गव्हाण आहे ही." पण तिची मुलं त्यावर अभ्यासाला बसायला लागली, आणि मग ज्याला त्याला टेबल हवंच झालं. सगळ्यांची झाली. आमचं राहिलं. आमच्या फळ्या गॅलरीत भिंतीला टेकलेल्या, येता-जाता माझ्या गुडघ्याला लागायच्या, की मी ह्यांच्या नावाने शंख करायची.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, गिरणगावात संचारबंदी लागली आणि त्यातच हे गेले. गोळी लागली का, असं लोक अजून विचारतात. नाही हो. टायफॉइड झाला. गोळीने गेलेल्यांची नावं घेतात, तापाने गेलेल्याचं कोण घेणार?

मला रडू आलं नाही. बायकांनी हलवून बघितलं, चिमटेसुद्धा काढले. ह्यांच्या पेजेचं भांडं तसंच पडलं होतं, ते मला घासायचं होतं. एवढंच डोक्यात.

माझे चुलत सासरे स्मशानात विचारून आले. लाकूड संपलं होतं, वखारी बंद, गाड्या येत नव्हत्या. मयतं मात्र येत होती. त्यांनी गॅलरीतल्या फळ्यांकडे पाहिलं. आमच्या कोकणात माणूस गेला की त्याच्यासाठी आंबाच तोडतात.

"गो, दितंस काय ह्यां लाकूड?" ते खाली मान घालून म्हणाले.

मी म्हटलं, न्या. मनात हिशेब केला होता ना. आपलं टेबल झालं नाही तर नाही. ह्यांच्या हातची टेबलं चाळीत आहेत, कुणाच्याही दारात उभं राहिलं की दिसतील. कधीतरी शेजारणीकडे एखादं मागून घेऊ, ती नाही म्हणायची नाही.

फळ्या खाली नेल्या. पुरणार नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. शेजारीण आत गेली, टेबलावरची मुलांची पुस्तकं तिने खाली जमिनीवर ठेवली आणि टेबल उचलून बाहेर आणलं. तिच्या मागून पलीकडच्या खोलीतलं आलं. मग वरच्या मजल्यावरची आली. कुणी कुणाला सांगितलं नाही. माणसं रडत होती आणि टेबलं जिन्यावरून उतरत होती.

एक ठेवा, असं मला म्हणायचं होतं. एक तरी. तोंड उघडलं होतं मी. पण नवऱ्याला जाळायला लाकूड पुरत नाही, आणि बायको म्हणते टेबल ठेवा? आणि ती माणसं तर माझ्यासाठीच देत होती. मला त्यांचा राग आला. अजून येतो. इतकी चांगली माणसं, आणि राग येतो.

खाली ती टेबलं पाय काढून, फळ्या सुट्या करून गाडीवर रचली.

ह्यांना मी काही महिन्यांनी रडले, तेही असंच, भाजी चिरताना. आता नातवंडं विचारतात, आजोबा काय करायचे? मी सांगते, टेबलं करायचे. मग ती विचारतात, कुठे आहेत?