धरलं का लागलं?

"धरलं का लागलं?" असं विचारताना पंचबाई डोळे बारीक करायच्या आणि उजव्या हाताची बोटं हवेत मिटून उघडायच्या. मिटली म्हणजे धरलं, उघडी म्हणजे नुसतं लागलं. घाटंजीत ज्युदोच्या स्पर्धा असल्या की त्या पंच आणि मी टेबलावर घड्याळ दाबणारी. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं.

ज्युदोत पट्ट्याखाली हात घालून समोरच्याचा पाय धरायला बंदी आहे. पूर्वी चालायचं, मग बंद झालं. आमच्याकडची पोरं आखाड्यातून आलेली, त्यांचा हात आपोआप पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय ओढायला जायचा. "पट काढाचा असन तं कुस्तीत जाय!" पंचबाई गरजायच्या. पण खेळता खेळता हात चुकून पायाला लागला, तर तो गुन्हा नव्हे. आता धरलं की लागलं हे ठरवायचं कुणी? पंचबाईंनीच.

कॉलर पकडून नुसत्या घुटमळणाऱ्या पोरींचा तर त्यांना भारी राग. "बजारात वांगं दाबून पाहून राह्यली काय वं? घ्याचं तं घे, नाही तं ठेव!"

घरीही तेच. नवऱ्याचा हात भज्यांच्या ताटाजवळ दिसला की प्रश्न तयार, "धरलं का लागलं?" तो बिचारा "लागलं" म्हणायचा, तोही भरल्या तोंडानं. मी स्वतः ऐकलंय हो!

स्वतःच्या पाया त्या कुणाला पडू देत नसत. "जय भीम म्हन अन् सरळ उभी राय. कमरेखाली हात गेला की शिदो!" शिदो म्हणजे ताकीद. तीन झाल्या की खेळाडू बाहेर.

एकदा मंगल कार्यालयात गाद्या अंथरून मुलींची अंतिम लढत चालू होती. एक राजूरची दणकट पोर, दुसरी फुलसावंगीची काडीपैलवान. जिंकेल ती विभागीय स्पर्धेला जाणार. फुलसावंगीच्या पोरीचे वडील मला आधीच बजावून गेले होते, "म्याडम, आज जितली तं पुढं खेळू दे, हारली तं हे कराटे बंद. सरळ शिलाई क्लासले टाकतो."

"कराटे नाही हो, ज्युदो."

"तेच ते."

लढत सुरू झाली. फुलसावंगीच्या पोरीनं पायानं पाय झाडायचा डाव टाकला. समोरची डगमगली. आणि ही बया काय करते, तर पटकन वाकली, तिच्या पायाला हात लावला आणि पुन्हा उभी. "शिदो!" पंचबाईंचा हात वर. थोड्या वेळानं पुन्हा तेच. दुसरा शिदो. आणि लगेच तिसऱ्यांदा! राजूरचे सर खुर्चीवरून उडाले, "पाय धरला! बाहेर काढा!"

पंचबाईंनी लढत थांबवली. मी घड्याळ दाबून उभीच राहिले. वडिलांनी तर टोपी काढून हातात घेतली होती.

"काहून वं, घडीघडी पाय धरून राह्यली?"

पोर रडवेली झाली. "धरला नाही, म्याडम. माहा पाय लागला ना तिले. मंग नमस्कार करा लागते ना!"

 कार्यालयात असा काही हशा उसळला की राजूरची पोरगीसुद्धा पोट धरून खाली बसली. पाय झाडायचा डाव, त्यात पाय लागणारच. आणि ही दर डावाला माफी मागत होती!

पंचबाई हसल्या नाहीत. बोटं हवेत मिटली, उघडली. "लागलं," त्या म्हणाल्या. मग दुसरा हात डोक्यावर हलवून त्यांनी आधीचे दोन्ही शिदो रद्द केले. राजूरचे सर भांडायला आले. "तुम्हीच दिले होते ना?"

"हाव, मीच देल्ले. माह्यं चुकलं. बसा."

मग पोरीकडे वळून, "नमस्कार आखरीले. सारे मिळून एकच."

पुढच्या डावात राजूरची पोर पाठीवर धाडकन आपटली. जिंकली हो आमची! मी टेबलावर नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात वडील मागून ओरडले, "अवं, नमस्कार कर ना तिले!"

यंदा पंचबाई निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे निघाल्या. बसस्टँडवर आम्ही सगळे गेलो. फुलसावंगीची ती पोरही आली होती. आता ती स्वतःच पंच आहे. बस लागली, तशी ती वाकली आणि पंचबाईंच्या दोन्ही पायांना तिनं मिठीच मारली. कंडक्टर घंटी वाजवतोय, ही सोडायला तयार नाही.

वातावरण फार ओलं व्हायला लागलं, म्हणून मीच म्हटलं, "बाई, धरलं का लागलं?"

पंचबाईंनी डोळे बारीक केले, पण ते भरलेलेच होते. बोटं हवेत मिटली ती उघडलीच नाहीत.

"धरलं," त्या म्हणाल्या. "धरू दे."