मर्नाचा जन्मदाखला

मर्ना माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्यात आईच्या बहिणीही आयाच, म्हणून मी तिला धाकटी आई म्हणते. बाराव्या वर्षी ती गुरांच्या ट्रकच्या चाकामागे बसली, तेव्हा पाय ब्रेकपर्यंत पोचावेत म्हणून तिच्या पाठीशी पिठाचं पोतं ठेवायचे. पुढे पाण्याचा टँकर म्हणू नका, रस्ता सपाट करायचं यंत्र म्हणू नका, तिने चालवलं नाही असं काही उरलं नाही. लायसन मात्र कधीच नव्हतं. कुरणातल्या वाटांवर ते मागणार कोण?

आमच्या 'बारा मैल' नावाच्या वस्तीपलीकडच्या टेकड्यांत लोखंडाची खाण निघाली, त्या दिवशी कंपनीची माणसं आली. आमच्या म्हाताऱ्यांनी पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे ओल्या पानांचा धूर करून त्यांना आत घेतलं. साहेबाने भाषण केलं. मागे गोऱ्यांनी इथल्या मूळ लोकांशी जे केलं ते वाईट झालं, आता समेट करायचा, आणि समेट म्हणजे नुसते शब्द नाहीत, इथल्या माणसांना तीस नोकऱ्या. मोठे डंपर चालवायला बायकाही चालतील.

धाकटी आई माझ्या कानाशी लागली. "बायकाही चालतील म्हणे. चालतील कशाला, पळतील!"

शहरातल्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात ती पहिली आली. शिकवणारा ग्रेगर तिला म्हणाला, "बाई, तुम्हाला मी काय शिकवू? उतारावर भरलेली गाडी कशी धरायची, तुम्हीच या पोरांना सांगा." ती नारिंगी शर्ट घालूनच घरी आली. तिच्या नवऱ्याने, सायलसने, राखेत कांगारूचं शेपूट भाजलं होतं. खाताना शर्टावर तेल सांडू नये म्हणून तिने पुढे टॉवेल बांधला, आणि आम्ही सगळे तिला हसलो.

नोकरीच्या कागदांत लायसन हवं होतं. लायसनला जन्मदाखला हवा होता. वस्तीच्या ऑफिसात अर्ज भरायचं काम माझं, म्हणून फोन मीच लावला.

नोंदणी कचेरीतली मुलगी फार गोड बोलायची. "या नावाची नोंद आमच्याकडे नाही. यांचा जन्म झाल्याचा काही पुरावा आहे?"

धाकटीने माझ्या हातून फोन घेतला. "मी बोलतेय ना, पोरी! आणखी काय पुरावा देऊ?"

मुलगी हसली नाही. शाळेची नोंद चालेल म्हणाली. शाळेने आमच्या सगळ्या पोरांचा जन्म एक जुलैला लावला होता, आणि मर्नाचं साल दोन वह्यांत दोन होतं. ते चालेना. मग जन्माच्या वेळी हजर असलेलं माणूस हवं झालं. ओढ्याकाठी जिने तिला हातात घेतलं ती म्हातारी कधीच गेली होती. मर्नाची आईही आदल्या वर्षी गेली. अर्जात आईचं पूर्ण नाव लिहायचं होतं. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही तोंडातून काढत नाही. धाकटीने माझ्या हातातलं पेन घेतलं, ते नाव स्वतःच लिहिलं, आणि कागद पालथा घातला.

उरली एकटी मिसस, कुरणाची गोरी मालकीण. धाकटीची आई तिच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं राबली होती. मिसस आता शहरातल्या वृद्धाश्रमात होती. आम्ही गेलो तेव्हा तिची मुलगी जुन्या रोजनिशा घेऊन आली होती. मिसस रोज लिहायची.

शाळेच्या त्या दोन्ही सालांच्या वह्या मी वाचल्या. पाऊस किती पडला, कुठली घोडी व्याली, वासराच्या कपाळावर कसला ठिपका होता, सगळं तारीखवार होतं. माणसांचं काही नव्हतं. पहिल्या सालच्या ऑगस्टमध्ये एका पानावर दोन ओळी सापडल्या: 'आज स्वयंपाकीण आली नाही. पाव मीच भाजला.' त्याच्या दुसऱ्या दिवशी: 'स्वयंपाकीण आली.'

"हाच दिवस," धाकटी म्हणाली. "आई सांगायची, मी झाले तेव्हा एकच दिवस सुट्टी मिळाली होती म्हणून."

मिससने तिचा हात धरला. "तू पिठाच्या पोत्याशेजारी झोपायचीस. मी तुला उचलायचे गं. तुझं नाव मी का नाही लिहिलं?" म्हातारी रडायला लागली. धाकटीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "असू द्या, मिसस. असू द्या." मिससने साक्षीच्या कागदावर सही केली. निघताना मात्र तिने धाकटीला विचारलं, "तू कोण? आज जेवायला काय केलंयस?"

महिनाभराने उत्तर आलं. साक्षीदाराची स्मृती शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला नाही, सबब साक्ष ग्राह्य नाही. आणि 'स्वयंपाकीण' म्हणजे नेमकी कोण, हे वहीवरून सिद्ध होत नाही.

अकरा महिन्यांनी फिरत्या वकिलांची गाडी वस्तीवर आली, त्यांनी शाळेचीच तारीख मान्य करून घेतली, तेव्हा कुठे दाखला मिळाला. जन्मतारीख एक जुलै. तोवर प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. तीसपैकी नऊ जागा आमच्या लोकांना मिळाल्या. बाकीच्या जागी शहरांतून विमानाने येणारे-जाणारे कामगार बसले. कंपनीच्या बाईने फोनवर तीनदा माफी मागितली. "पुढच्या भरतीत तुमचं नाव सगळ्यात वर." लोखंडाचा भाव पडला आणि पुढची भरती झालीच नाही.

तिला काम मिळालं ते खाणीच्या छावणीत, त्या विमानाने येणाऱ्यांच्या खोल्या झाडायचं. तिथे लायसन लागत नाही, बस येऊन घेऊन जाते. पहिल्या आठवड्यात ती बसमध्ये ड्रायव्हरमागच्याच बाकावर बसायची. "गिअर उशिरा टाकतो मेला," घरी येऊन सांगायची. पुढे पुढे मागच्या बाकावर बसून झोपायला लागली.

कंपनीने समेटाचा सप्ताह साजरा केला, त्यात साहेबाने तिला चार शब्द बोलायला बोलावलं. ती गेली. माइक हातात घेऊन उभी राहिली, "आल्याबद्दल आभार" म्हणाली आणि खाली बसली.

बसमधून परतताना मी चिडले. "सगळं सांगायचंस ना त्यांना तोंडावर!"

"कुणाला सांगू? तो साहेब चांगला आहे. फोनवरची पोरगी चांगली. मिसस तर रडली बिचारी. मला चार शिव्या घालायच्यात गं, पण कुणाला घालू तेच सापडत नाही."

खिडकीबाहेर डंपर ओळीने उतरत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. शर्टाच्या बाहीला लागलेला फिनेलचा डाग नखाने खरवडत बसली होती.