डावा कौल

सकाळी सहाला रत्नागिरीहून निघायचं, पाच देवळं करून संध्याकाळी परत. असली सहल मला कोणी फुकट दिली असती तरी मी गेले नसते. पण बाबा हट्टालाच पेटले. सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, जिने चढायचे नाहीत म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हे मला सांगतात, "चौथं देऊळ आपल्या गावच्या देवीचं हाय. तिचा कौल घेतल्याबिगर मी कापून घ्यायचो नाय."

उभी हयात बोटीवर काढलेला माणूस. कधी कुणाला विचारून काही केलं नाही, आणि आता देवीच्या अंगावरून पडणाऱ्या एका पाकळीला विचारणार. मी चिडले, रडले, आणि शेवटी बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा धरून बसले. एकटं कसं सोडणार?

आमचे गाईड एक निवृत्त मास्तर होते. गळ्यात शिट्टी, हातात माईक. प्रत्येक देवळाला चाळीस मिनिटं, एकही जास्त नाही. वेळणेश्वरला ते शंकराचं माहात्म्य रंगवून सांगत होते, पण माझं लक्ष बाबांच्या ओठांकडे होतं. ते निळसर दिसत होते. तिसऱ्या देवळाच्या पायऱ्यांवर बाबा निम्म्यात थांबले आणि खाली वाकून चपलेचा बंद बांधायचं सोंग केलं. चपलेला बंद नव्हताच. मला त्यांचा इतका राग आला की मी हातही पुढे केला नाही. त्याची अजून लाज वाटते.

चौथ्या देवळात गुरवांनी फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. "आधी उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय," असं सांगून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "आई, ह्यो तुजा लेकरू ऑपरेशन करूचा की नाय विचारताहा, तर त्येका काय ता सांग." सगळ्या बसने हौसेने "होय महाराजा" म्हटलं. मला त्या सगळ्यांचाच संताप आला.

थोड्या वेळाने डावी पाकळी पडली.

"झालं," बाबा म्हणाले. "आई नको म्हणते."

लोक प्रसाद घेऊन बाहेर गेले. मी गुरवांना म्हटलं, पुन्हा लावा.

"एका गोष्टीक दोनदा इचारीत नाय, बाय."

"गोष्ट दुसरी आहे. माझी आहे."

मी देवाधर्माची नाही. पण त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. गुरवांनी नव्या पाकळ्या लावल्या आणि मी मोठ्याने विचारलं, "आई, ऑपरेशन झालं नाही तर हे फार दिवस काढणार नाहीत. मी यांना असंच जाऊ देऊ का?"

पाकळ्या हलेनात. बाहेर शिट्टी वाजली, मग पुन्हा वाजली. मास्तर तणतणत आत आले, आमची तोंडं बघितली आणि शिट्टी तोंडातून काढून खांबाशी उभे राहिले. उजवी पडली, आई 'जाऊ दे' म्हणाली, तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी पुटपुटताना ऐकू आलं. "डावी पाड गो आई, डावी पाड." मला आधी वाटलं गुरवच. वळून बघते तर बाबा. डोळे त्या पाकळीवर, दोन्ही हात घट्ट जोडलेले, आणि ओठ एकसारखे हलत होते.

डावी पडली.

बाबा देवळाच्या लादीवर बसलेच. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं आणि पाचवं देऊळ रद्द करून टाकलं. गाडीपर्यंत बाबा माझा हात धरून चालले. पायरी चढण्याआधी थांबून त्यांनी विचारलं, "सोमवारी किती वाजता बोलावलंय?"